कॅसेटमधली रिकामी जागा

सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या बागेत संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्यांत शामकांत घैसास शोधायचा असेल तर त्याच्या मिशीवरून शोधावा, असं त्याची बायको सुलभा सांगायची. डोक्यावरचं सगळं केव्हाच गेलं होतं, पण मिशी मात्र भरघोस, टोकं वर वळलेली. पासष्टीला आलेल्या, जहाजाच्या इंजिनात हयात घालवलेल्या माणसाने मिशीला रोज तेल लावत बसावं हे सुलभाला पटायचं नाही. पण ही मिशी पैजेला लावलेली आहे आणि निकाल लागेपर्यंत ती नीट राखणं भाग आहे, असं शामकांतचं म्हणणं. पैज लागून चाळीस वर्षं होत आली होती.

रोज संध्याकाळी तो बाकावर बसायचा आणि दूर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांपैकी कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे सुलभाला सांगायचा. जहाज पाण्यात किती बुडालंय त्यावरून ते कळतं. सुलभाला त्यात काडीचा रस नव्हता. ती "हो का" म्हणायची आणि आपल्या विणकामाचे टाके मोजत राहायची. शामकांतला तेवढ्यावर भागवावं लागायचं, कारण हे सगळं खरं तर ज्याला सांगायचं तो माणूस मिरजेला होता.

सत्तरच्या दशकात शामकांत गुहागरहून मुंबईला आला, माझगावच्या गोदीत उमेदवारी केली आणि एका ब्रिटिश कंपनीच्या मालवाहू जहाजावर पाचवा इंजिनिअर म्हणून लागला. पाचवा म्हणजे शेवटचा. त्याच्या खाली फक्त बोटीचा तळ. जहाजावर मराठी बोलणारा दुसरा माणूस एकच होता, मिरजेचा चंद्रशेखर आरवाडे, रेडिओ ऑफिसर. बिनतारी यंत्राच्या खोलीत जो बसेल त्याला खलाशी मार्कोनीसाहेब म्हणायचे. शामकांतने त्यातला साहेब काढून टाकला आणि नुसता मार्कोनी ठेवला. दोघांनीही तेव्हा नुकतीच मिशी राखायला सुरुवात केली होती आणि दोघांनाही तिचा भलताच अभिमान होता.

जहाजाचा चीफ इंजिनिअर एक स्कॉटिश म्हातारा होता. कायमचा निवृत्त होऊन तो डरबनला उतरला, तेव्हा त्याने शामकांतच्या हातात एक कॅसेट ठेवली. म्हणाला, "तुम्ही लोक आमच्यावर उगाच राग धरता. हे ऐक. आमचं आमच्याबद्दल काय मत आहे ते कळेल." कॅसेटच्या वेष्टनावर पाच माणसं एका छत्रीखाली उभी होती. बाहेर कोरडं ठणठणीत होतं आणि पाऊस फक्त छत्रीच्या आत पडत होता. वर नाव होतं, द लॉस्ट अम्ब्रेलाज.

हे अम्ब्रेलावाले कोण, ते शामकांतला पुढे हळूहळू कळत गेलं. कॉलेजात एकमेकांना भेटलेली पाच वात्रट पोरं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांना तिकडच्या टीव्हीवर, शहाणी माणसं झोपायला जातात त्या वेळेचा अर्धा तास मिळाला. त्यात ती छोटी छोटी नाटुकली करायची. नाटुकली ऐन रंगात आली की तिला शेवट न देता सरळ उठून दुसरीत शिरायची, आणि दुसरीतून तिसरीत. आधी लोकांनी टीव्ही कंपनीला रागाने पत्रं लिहिली. मग तेच लोक त्यांची वाक्यं पाठ म्हणायला लागले. त्यांच्यानंतर विनोद करायला आलेल्या सगळ्यांनी त्यांचं थोडंफार उचललं, काहींनी कबूल केलं, काहींनी नाही. आणि इतकं सगळं होऊन टीव्ही कंपनीने काय करावं, तर टेपा महाग म्हणून त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम पुसले आणि त्यावर फुटबॉलचे सामने भरले. चित्र गेलं. आवाज तेवढा कॅसेटवर उरला.

म्हणजे हे दोघे रेडिओच्या खोलीत बसून जे ऐकत होते, ते पुन्हा कोणालाच दिसणार नव्हतं. त्यांनी कधी टीव्हीवर त्या पाचांची तोंडंही बघितली नव्हती, आणि वेष्टनावरच्या पाचांत कुठला आवाज कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून आवाजांवरून नावं ठेवली. एक किरट्या, एक घोगऱ्या, एक मास्तर, आणि उरलेले दोघे सारखेच वाटायचे म्हणून जुळे. इंजिनाच्या धडधडीत सगळे शब्द कळायचे नाहीत. कळले तरी अर्थ लागेलच असं नव्हतं. पण एकदा मार्कोनी हसायला लागला की शामकांतला आवरायचं नाही. मार्कोनी आवाज न करता हसायचा, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

त्या कॅसेटमध्ये एक नाटुकली क्लोकरूमची होती. रेल्वे स्टेशनवर मास्तर आपलं सामान सोडवायला येतो. काउंटरवर किरट्या असतो. थोडी हुज्जत होते, मग किरट्या "एक मिनिट हं" म्हणून आत जातो. पावलं लांब जातात. मग काहीच नाही. पूर्ण शांतता. आधी प्रेक्षकांतलं कोणीतरी एक खुसकन हसतं. मग पाचसहा जण. मग हसू ओसरतं, पुन्हा चढतं, आणि शेवटी असा हशा फुटतो की मार्कोनीच्या यंत्राचे काटे टोकाला जायचे. तो ओसरत आला की मास्तर शांतपणे म्हणतो, "आभारी आहे. फार मदत झाली." आणि त्याची पावलं निघून जातात.

मधल्या शांततेत काय झालं? त्यापायी दोघांनी अर्धा अटलांटिक भांडून काढला.

"मास्तर काउंटरवरून उडी मारून आत जातो," शामकांत म्हणाला, "एक मोठी ट्रंक उघडतो, आत जाऊन बसतो आणि वरून झाकण लावून घेतो. म्हणून हशा दोनदा चढतो."

"झाकण वाजलं असतं," मार्कोनी म्हणाला. "माझे कान आहेत का काय आहेत? तो काउंटरवर रुमाल अंथरतो, डबा काढतो आणि निवांत जेवतो."

"मग डब्याचं झाकण नाही का वाजत?"

"फडक्यात बांधलेली भाकरी असेल."

"इंग्लंडात?"

मार्कोनीने मग पैजच लावली. कधी ना कधी खरं काय ते कळेल. ज्याचं चुकीचं निघेल त्याने मिशी काढायची.

पुढे शामकांत बोटीवरून उतरला आणि सिंगापूरला जहाज दुरुस्तीच्या धंद्यात नोकरीला लागला. सुलभा आली, अनुजा जन्मली, भाड्याच्या घरातून स्वतःचा फ्लॅट झाला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी करमणुकीच्या कार्यक्रमात कोणीच नाव देईना, तेव्हा शामकांतने क्लोकरूम मराठीत करायचं ठरवलं आणि मार्कोनीला तार केली. त्याचं जहाज तेव्हा सिंगापूरच्या वाटेवर होतं. तालमी घरातच झाल्या. काउंटर म्हणून सुलभाचं इस्त्रीचं टेबल लागलं. मंडळाच्या कार्यकारिणीने तालीम बघितली आणि कोणीही हसलं नाही. एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, "छान आहे, पण यातून बोध काय घ्यायचा?"

"आपलं सामान आपणच सांभाळावं," मार्कोनी गंभीरपणे म्हणाला, आणि प्रयोग मंजूर झाला.

त्या वर्षी शामकांत ट्रंकेत बसला. पुढच्या वर्षी मार्कोनी जेवला. मग तसाच पायंडा पडला, एक वर्ष ट्रंक आणि एक वर्ष डबा. ज्याचं वर्ष त्याने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने काउंटरवर उभं राहून आत निघून जायचं. डब्याच्या वर्षी सुलभा खरोखरचं थालीपीठ आणि लसणाची चटणी बांधून द्यायची, आणि मार्कोनी रंगमंचावर ते खरोखर संपवायचा. लोक पोट धरून हसायचे. दर सप्टेंबरात सुट्टी सिंगापूरला पडावी म्हणून मार्कोनी कंपनीत कोणाकोणाच्या हातापाया पडायचा, रजा अदलाबदल करायचा, एकदा तर ताप आल्याचं सोंग करून उतरला होता. तो पहाटेच यायचा, कारण त्याला धीर धरवायचा नाही. शामकांत आदल्या दिवसापासूनच दाराकडे लक्ष ठेवून असायचा.

एकटी सुलभा कधी हसली नाही. दर वर्षी तिसऱ्या रांगेत ती हाताची घडी घालून बसायची. "माणूस जेवतोय, यात हसायचं काय आहे?" ती म्हणायची. "आणि ट्रंकेत तुमचा जीव गुदमरला म्हणजे?" मार्कोनीने तिला हसवायचा विडाच उचलला होता. तोंडात घास घेऊन तो तिच्याकडे असा काही बघायचा की आजूबाजूचे लोक खुर्चीवरून घसरायचे. सुलभा ढिम्म.

बाकी मंडळात मात्र क्लोकरूमने चांगलीच मुळं धरली. दुसऱ्या कोणी नाटुकली बसवली तरी तिच्यात शेवटी कोणीतरी "आभारी आहे, फार मदत झाली" म्हणून निघून जायचं. सरकारी खिडकीवरून हात हलवत परत आलेला माणूस घरी तेच म्हणायचा. पुण्याहून नव्याने आलेला रोहन चांगी बिझनेस पार्कमध्ये एका आयटी कंपनीत होता. त्याच्या टीममध्ये कोणी काम न करताच तक्रार बंद केली की चार मराठी मुलं हेच वाक्य एकमेकांना टाइप करायची. हे वाक्य मुळात कोणाचं, ते रोहनला माहीत नव्हतं. शामकांतने त्याला बाकावर बसवून सगळा इतिहास ऐकवला. रोहनने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, म्हणजे हे लंडनहून मिरजमार्गे इथे आलं."

मिरजेचं नाव निघालं आणि शामकांत दूरच्या जहाजांकडे बघायला लागला.

कारण १९९९ पासून मार्कोनी सिंगापूरला आला नव्हता. उपग्रह आले, कप्तान स्वतःच बटण दाबून बोलायला लागला, आणि जहाजांवरून रेडिओ ऑफिसर नावाचा माणूसच काढून टाकला. मार्कोनी मिरजेला परतला, पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान मांडून बसला. फोनवर दर वेळी म्हणायचा, "पुढच्या वर्षी येतो." एका वर्षी मुलीचं, मीनलचं लग्न निघालं, एका वर्षी बायको आजारी पडली, ती गेली, मग मोतीबिंदू. पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं. मंडळाच्या आग्रहाखातर शामकांतने दुसऱ्या जोडीदाराबरोबर क्लोकरूम करून बघितलं. जोडीदार चांगला होता, ठरल्या वेळी यायचा, ठरल्या वेळी आत जायचा. पण ट्रंकेच्या अंधारात बसल्यावर शामकांतला बाहेरचा हशा ऐकू यायचा आणि त्याचं काहीच वाटायचं नाही. त्याला मार्कोनी हवा होता. दोन वर्षांनी त्याने ते बंद केलं.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात रोहन धावत बाकापाशी आला आणि त्याने मोबाइल समोर धरला. अम्ब्रेलावाल्यांपैकी तिघे अजून हयात होते. ते लंडनला एका रात्रीपुरते पुन्हा एकत्र येणार होते, शेवटचे. जगभरच्या थिएटरांत तो कार्यक्रम पडद्यावर दाखवणार होते, सिंगापूरलाही. आणि त्यात एक हरवलेली फीत दाखवणार होते, कुठल्याशा बेटावरच्या टीव्ही केंद्राच्या गोदामात पडून राहिलेली. त्या फितीत काय काय आहे तेही दिलं होतं. त्यात क्लोकरूम होती.

शामकांतने तिथूनच मिरजेला फोन लावला.

"शाम्या," मार्कोनी सगळं ऐकून म्हणाला, "मिशी तयार ठेव."

"तू ये आधी."

"येतो. या वेळी नक्की येतो. मेलो तरी येतो."

आणि खरंच तो तयारीला लागला. पासपोर्ट नवा केला, मीनलने विमानाचं तिकीट काढलं, अनुजाने व्हिसाचं बघितलं. शामकांतने थिएटरची तीन तिकिटं काढून ठेवली, तिघांनाही एका रांगेत, मधली खुर्ची मार्कोनीला. सुलभाला घेऊन तो लिटिल इंडियातल्या दिवसरात्र उघड्या असलेल्या मोठ्या दुकानात गेला. मार्कोनीला मऊ उशी चालत नाही म्हणून त्याने इतक्या उश्या दाबून बघितल्या की दुकानातली मुलगी संशयाने बघायला लागली. सुलभाने लसूण घेतला, भाजणीचं पीठ घेतलं. "वर्ष डब्याचं असो की नसो, तो मागणारच," ती म्हणाली. त्या आठवड्यात शामकांत बाकावर बसला नाही. खोलीतला पंखा दुरुस्त केला, पलंग खिडकीकडे सरकवला, पुन्हा भिंतीकडे घेतला.

यायच्या चार दिवस आधी मीनलचा फोन आला. जिना चढताना बाबांच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं. ती हे सांगत असतानाच मार्कोनीने फोन तिच्या हातातून घेतला. आवाज बारीक झाला होता.

"तू बघून ये," तो म्हणाला. "आणि मला खरं सांग. माझी दया येऊन खोटं बोलशील तर याद राख. आवाजावरून मला कळतं."

शामकांतला माहीत होतं की कळतं. वादळात, खरखरीत, अर्ध्या जगापलीकडून आलेलं अक्षर ओळखणारे कान होते ते. "मीनलला सांग," तो एवढंच म्हणाला, "इंटरनेटवर कोणी ते टाकलं तर तुला दाखवू नको म्हणावं. मी सांगेन."

थिएटर ऑर्चर्ड रोडला होतं. संध्याकाळी शामकांत इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला तेल लावून गेला. रोहनने रिकाम्या खुर्चीवर बसू का म्हणून विचारलं तर शामकांत म्हणाला, "माणूस आहे तिथे." मग रोहन मागच्या रांगेत बसला. सुलभाने मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली, शामकांतने ती उचलून तिच्या मांडीवर दिली.

तीन म्हातारे लंडनच्या रंगमंचावर आले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा शामकांतला आवाजांची तोंडं दिसली. किरट्या हा किरकोळ माणूस असणार अशी त्या दोघांची खात्री होती. तो आडदांड निघाला, दारात वाकून येणारा. घोगऱ्या आणि जुळ्यांतला एक आता राहिले नव्हते. शामकांत पटकन उजवीकडे वळला, हे सांगायला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून पुन्हा सरळ झाला. मग दिवे कमी झाले आणि जुनी फीत लागली. काळीपांढरी, मधेमधे थरथरणारी. रेल्वे स्टेशन. काउंटर. तरुण किरट्या, आणि त्याच्या समोर हॅट घातलेला मास्तर. शामकांतचे ओठ त्यांच्या बरोबर हलत होते, पुढचं वाक्य त्याला आधी येत होतं.

"एक मिनिट हं," किरट्या म्हणाला आणि आत गेला.

शामकांतने डोळे मिटले.

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याला वाटलं, आता बघितलं की संपलं. त्या शांततेत इतकी वर्षं मार्कोनी थालीपीठ खात होता, तो स्वतः ट्रंकेत बसत होता. तिथे आता हा तिसरा माणूस येऊन काहीतरी करणार, आणि मग तेच खरं ठरणार. आणि हे त्याने एकट्याने बघायचं? एकट्याने बघायचं असतं तर पैज लावली कशाला असती? त्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि रेडिओच्या खोलीत ऐकायचा तसं ऐकलं. मागे कोणीतरी खुसकन हसलं. मग पाचसहा जण. हशा ओसरला, चढला, आणि सगळं थिएटर फुटलं.

त्या हशात पलीकडच्या खुर्चीवर सुलभा हसत होती. तो आवाज त्याने स्वयंपाकघरात ऐकला होता, अनुजा लहान असताना ऐकला होता. पण या नाटुकलीला कधी नाही. सुलभा हसत होती आणि थांबत नव्हती. डोळे उघडायचा इतका मोह शामकांतला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. त्याने खुर्चीचा हात धरून ठेवला. मास्तर म्हणाला, "आभारी आहे. फार मदत झाली." पावलं निघून गेली. शामकांतने डोळे उघडले तेव्हा दुसरी नाटुकली सुरू झाली होती.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत सुलभा म्हणाली, "तुम्ही डोळे मिटले होते."

"हो."

"सांगू?"

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा नात जाई दप्तर अडकवून शाळेला निघाली होती. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आजोबा, युअर फेस सो नेकेड, लाह," ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. ओठाच्या वरची कातडी पांढरीफटक पडली होती. इतक्या वर्षांत तिला ऊन लागलं नव्हतं.

मग त्याने मीनलला व्हिडिओ लावायला सांगितलं. मार्कोनी पलंगावर उशीला टेकून बसला होता, अंगात स्वेटर, गळ्याची हाडं दिसत होती. मिशी मात्र होती. तो स्क्रीनच्या जवळ आला. शामकांत काही बोलला नाही. बोलला असता तर आपण बघितलंच नाही हे मार्कोनीला आवाजावरून कळलं असतं, म्हणून तो नुसता समोर बसून राहिला, बिनमिशीच्या तोंडाने.

मार्कोनी बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी. मीनल घाबरून मागून पाठ चोळायला लागली तर त्याने तिचा हात बाजूला केला. शामकांतही हसायला लागला. त्याला सोळा वर्षं हे हवं होतं, हेच, आणि ते त्या वीतभर स्क्रीनवर मिळत होतं. तेवढ्याने त्याचं भागत नव्हतं, तरी तो हसत होता.

"शाम्या," दम खाऊन मार्कोनी म्हणाला, "मिशीशिवाय तू अगदी तुझ्या आईसारखा दिसतोस." मग म्हणाला, "पुढच्या वर्षी येतो."

आपण तोंड का उघडलं नाही हे मार्कोनीला समजलं होतं की नव्हतं, ते शामकांतला कधीच कळलं नाही. विचारायची वेळ आली नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मीनलचा फोन आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, ती म्हणाली.

त्या संध्याकाळी शामकांत बाकावर बसला, पण जहाजांबद्दल काही बोलला नाही. सुलभाने विणकाम आणलंच नव्हतं. अंधार पडायला आला तेव्हा तिने बोट दाखवून विचारलं, "ते लाल आहे ते भरलेलं की रिकामं?"

"रिकामं," शामकांत म्हणाला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "सांग आता. काय होतं त्यात?"

"काही नव्हतं," सुलभा म्हणाली. "त्याने काही केलंच नाही. तो दुसरा आत गेला, आणि हा नुसता वाट बघत उभा राहिला. आधी सरळ उभा होता. मग टाचा उंचावून आत डोकावला. मग पुन्हा सरळ उभा राहिला, टोपी नीट केली. आता तो येत नाही हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. त्याला उशिरा कळतं. मग तो थँक यू म्हणतो आणि जातो. एवढंच."

"आणि तू त्याला हसलीस?"

"हसले. मला वाटलं, हे तर मी घरी कितीतरी वर्षं बघतेय. सप्टेंबर आला की तुम्ही दाराकडे बघत असेच तर उभे असता. तुमचं दोघांचं जास्त चांगलं होतं. मार्कोनीला सांगायला हवं होतं मी."

शामकांत रडला. बागेत सायकली चालल्या होत्या, जवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून भाजलेल्या माशांचा वास येत होता. सुलभा त्याचा हात धरून बसून राहिली.

पुढच्या गणेशोत्सवात त्याने आपणहून नाव दिलं. मिशी पुन्हा वाढवली नव्हती, त्यामुळे पुष्कळांनी त्याला आधी ओळखलंच नाही. रोहन काउंटरवर उभा राहिला. ट्रंक कुठे ठेवायची, की या वर्षी डबा आहे, असं त्याने विचारलं तेव्हा शामकांत म्हणाला, "दोन्ही नको. तू फक्त आत जा आणि परत येऊ नकोस."

थोडी हुज्जत झाली. जुनी मंडळी आधीच हसत होती. रोहन "एक मिनिट हं" म्हणाला आणि विंगेत गेला.

शामकांत उभा राहिला. लोक थांबले, आता ट्रंक येईल, आता डबा निघेल. तो सरळ उभा होता. मग टाचा उंचावून त्याने विंगेत बघितलं, जिथे मार्कोनी इतकी वर्षं आत निघून जायचा. मागून कोणीतरी खुसकन हसलं. त्याने शर्टाची कॉलर नीट केली आणि पुन्हा सरळ उभा राहिला. पाचसहा जण हसले. हसू ओसरलं, पुन्हा चढलं, आणि सगळं सभागृह फुटलं. शामकांतने तो हशा शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आभारी आहे," तो आत बघून म्हणाला. "फार मदत झाली."

आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते, शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होते. तिसऱ्या रांगेत सुलभा तेवढी हाताची घडी घालून बसली होती आणि हसत नव्हती.